ऐकण्याचे पाठभेद

घरात उत्तम प्रतीचे संगीत ऐकायचे तर कोणती यंत्रे घ्यावीत आणि त्यांवर कोणती आज्ञावली चालवावी, हा विषय साहित्याच्या पानावर कशाला, अशी शंका वाचकांना येणे स्वाभाविक आहे. परंतु गेली दोन-तीन वर्षे या खटाटोपात घालवल्यावर आमचे मत असे झाले आहे की, या विषयावर विद्युत अभियंत्यांइतकाच जुन्या पोथ्या चाळणाऱ्यांचाही अधिकार आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती प्रचलित प्रतींत अपपाठ शिरले होते म्हणून. आज एखाद्या संगीतसेवेवर किशोरीताई आमोणकरांचा भूप शोधावा, तर १९७१च्या तबकडीवरचे ते एकच ध्वनिमुद्रण निरनिराळ्या मुखपृष्ठांखाली हाती लागते. त्यांतल्या एका प्रतीतली खरखर पुसताना तानपुऱ्याची जवारीही थोडी पुसली गेलेली असते, दुसरीचा आवाज सरसकट चढवलेला असतो, आणि शेजारी छापलेले साल पुष्कळदा महाजालावर ती चढवली त्या दिवसाचे असते. यांपैकी प्रमाण प्रत कोणती? यंत्राची निवड या प्रश्नाच्या नंतर येते, असे आम्ही मानतो.

आम्ही राहतो मुरुडला. समुद्र घरापासून दोन वाड्या ओलांडून आहे आणि त्याचे खारे वारे थेट माजघरात येतात. पुण्या-मुंबईच्या श्रवणप्रेमींसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका इथे निम्म्याच उपयोगी पडतात. इथे तांब्याच्या तारेवर दोन पावसाळ्यांत हिरवा थर येतो, जोडण्यांच्या खोबणी कळकतात, स्पीकरच्या पडद्याभोवतीचा फोमचा गोठ भुसभुशीत होऊन गळून पडतो, आणि सीडीच्या चकत्यांवर बुरशीची नक्षी उमटते. वीज दिवसातून एकदा तरी डोळे मिचकावते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले तेव्हा नारळी-पोफळींबरोबर विजेचे खांबही आडवे झाले, आणि तालुक्यातल्या कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. त्या दिवसांत संगीत ही कुणाचीच गरज नव्हती, पिण्याचे पाणी होती. तरीही त्यानंतर यंत्र घेताना ‘वीज गेली की याचे काय होते?’ हा आमचा पहिला प्रश्न ठरला. ‘याचा आवाज कसा आहे?’ हे आम्ही दुसऱ्यांदा विचारू लागलो.

या गावाला संगीताचे वावडे होते असे मात्र कुणी समजू नये. जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम नाझली यांची धाकटी बहीण अतिया फैजी. तिने भारतीय संगीतावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि तो १९१४ साली लंडनला प्रसिद्ध झाला. तिचे पती सॅम्युअल फैजी-रहमीन यांनी त्यासाठी चित्रे काढली होती. गावाबाहेरच्या टेकाडावरचा नवाबाचा वाडा पाहायला येणारे प्रवासी छायाचित्रे काढून परततात. रागरागिण्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या बाईचे या घराण्याशी नाते होते, हे त्यांना सांगणारे कुणी नसते. असो.

आता आकड्यांकडे वळू, कारण या क्षेत्रात आकड्यांची दहशत फार आहे. सीडीवरचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे असते. यातून २० किलोहर्ट्झपर्यंतचे, म्हणजे तरुण कानाला ऐकू येणारे सारे स्वर पकडता येतात, आणि सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबेलचे अंतर राखता येते. याहून वरच्या दर्जाचे, २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झचे ध्वनिप्रवाह आज विकले जातात. २४ बिटांना तत्त्वतः १४४ डेसिबेलचे अंतर मिळते. आमच्या माजघरात रात्री दोन वाजता, ओहोटीच्या वेळी, पंखा बंद करून मोबाइलवरच्या मापकाने मोजले तरी काटा तिशीच्या खाली उतरत नाही. आषाढात कौलांवर पाऊस सुरू झाला की तो सत्तरच्या आसपास जातो. अशा घरात १४४ डेसिबेल विकत घेणे म्हणजे तळ्याकाठी राहून जहाज विकत घेण्यापैकी आहे. शिवाय पन्नाशी उलटलेल्या कानांना १२-१३ किलोहर्ट्झच्या पलीकडचे फारसे ऐकू येत नाही, हे शरीरशास्त्राचे सत्य कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

मग संक्षेपित, म्हणजे काही विदा गाळून लहान केलेल्या संचिकांनी भागेल का? फूबार नावाच्या जुन्या, विनामूल्य आज्ञावलीत डोळ्यांवर पट्टी बांधून परीक्षा घेण्याची सोय आहे: कोणती प्रत वाजते आहे हे न सांगता ती तुम्हाला ओळखायला लावते. आम्ही घरातल्या सर्वांनी ही परीक्षा दिली. १२८ किलोबिटांची प्रत बहुतेकांनी ओळखली, आणि ओळखली ती गायकाच्या आवाजावरून नव्हे. तानपुऱ्याची अखंड झणझण पाण्याखालून आल्यासारखी लागत होती, आणि तबल्याच्या ‘ना’ची धार बोथट झाली होती. याला कारण आहे. अशा पद्धतीत ध्वनीचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातली चूक त्या तुकड्यावर पसरली जाते. आघात तुकड्याच्या मध्यावर आला तर चुकीचा कचरा आघाताच्या आधीच ऐकू येतो. ३२० किलोबिटांवर मात्र आमची उत्तरे नाणेफेकीइतकीच बरोबर आली.

तरीही आम्ही विदा न गाळणारे फ्लॅक हे स्वरूप निवडले, आणि इथे पुन्हा पोथ्या मदतीला आल्या. संक्षेपित संचिका ऐकायला निर्दोष असेलही. तिच्यावरून दुसरी प्रत काढली, ती ब्लूटूथवरून पाठवली, तर प्रत्येक पायरीला नव्याने गाळणी लागते. नक्कलकाराने नक्कलेवरून नक्कल उतरवावी तसे अपपाठ साचत जातात. फ्लॅक २००१ साली आले, ते कुणाच्याही मालकीचे नाही, आणि २०२४ अखेरीस त्याला महाजालाच्या मानकांत रीतसर स्थान मिळाले. याउलट एमक्यूए नावाच्या एका मालकी स्वरूपाचा २०१४पासून मोठा गाजावाजा झाला. त्याची पूर्ण उलगड करायला परवाना घेतलेले यंत्रच लागे. २०२३ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या दाराशी पोहोचली आणि पुढच्याच वर्षी टायडल या तिच्या सर्वांत मोठ्या आश्रयदात्याने ते स्वरूप सोडून दिले. मोडीतली पोथी निदान शिकून वाचता येते. ज्याची किल्ली हरवली आहे त्या संचिकेचे काय करायचे?

संगीतसेवांचेही तसेच आहे. ॲपलने २०२१ साली जादा पैसे न घेता न गाळलेला ध्वनी द्यायला आरंभ केला, स्पॉटिफायने २०२५ साली. दोन्हीकडे दहा कोटींहून अधिक ध्वनिमुद्रणे असल्याचे सांगितले जाते. इतके पुस्तकांचे ग्रंथालय महिन्याच्या वर्गणीत मिळत असेल तर तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल, आणि आम्हीही एका सेवेचे वर्गणीदार आहोत. परंतु वर्गणीदार आणि मालक यांतला फरक एअरटेलने २०२४ साली विंक ही आपली संगीतसेवा गुंडाळली तेव्हा पुष्कळांच्या ध्यानात आला असेल. म्हणून आम्ही सरळ वाटणी केली. शोधायला, चाखायला, नव्या गायकांची ओळख करून घ्यायला सेवा; आणि जे आयुष्यभर ऐकायचे ते आपल्या चकतीवर, फ्लॅकमध्ये, दोन प्रतींत. दुसरी प्रत मुरुडबाहेर, घाटावरच्या एका नातलगाकडे ठेवली आहे. समुद्राच्या इतके जवळ राहणाऱ्याने सगळी पोथी एका पेटीत ठेवू नये.

यंत्रांचे आता थोडक्यात सांगतो, कारण त्यांत सांगण्यासारखे थोडेच आहे. वाजवणारे यंत्र म्हणून आम्ही रास्पबेरी पाय हा हाताच्या पंजाएवढा संगणक घेतला. तो चार-पाच वॅटवर चालतो, त्याला पंखा लागत नाही, त्यामुळे खारी हवा पोटात ओढली जात नाही, आणि इन्व्हर्टरवर तो जवळजवळ फुकट चालतो. त्यावर पाय-कोअर-प्लेअर ही प्रणाली चढवली. ती निवडण्याचे कारण ध्वनीशी संबंधित नाही: सुरू होताना ती स्वतःला संपूर्णपणे तात्पुरत्या स्मृतीत उचलून घेते आणि मग कार्डावर लिहीत बसत नाही. वीज अचानक गेली की अशा संगणकांची कार्डे बिघडतात, हे इथल्या कुणालाही सांगायला नको; हिला त्याची फिकीर नसते. आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणारा डॅक साधा, पायच्याच डोक्यावर बसणारा आहे. या कामात आज स्वस्त आणि महाग यंत्रांतले अंतर कानाला जाणवण्याइतके उरलेले नाही, असे आमचे मत आहे. ते पटत नसेल त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून पाहावे. पैसे खर्च करायचे ते स्पीकरवर आणि खोलीवर. स्पीकर घेताना आम्ही फक्त एवढे पाहिले की पडद्याचा गोठ रबराचा आहे. खोलीने मात्र नशिबाने साथ दिली. उतरत्या कौलारू छपरामुळे जमीन आणि छत एकमेकांसमोर सपाट उभे राहत नाहीत, त्यामुळे आवाजाची टोलवाटोलवी होत नाही. जांभ्याच्या भिंतीला लागून पुस्तकांची मांडणी आहे, आणि फरशीवर जाड सतरंजी टाकली की वरच्या स्वरांची खणखण बरीच आटोक्यात येते. हजारो रुपयांची ध्वनिशोषक फळी आणि आजीची गोधडी यांत गोधडी निदान धुता येते.

आज्ञावलीची निवड मात्र खरी कसोटीची निघाली. रून नावाची एक फार देखणी, वर्गणीची आज्ञावली आहे. ती २०१५पासून आहे आणि २०२३ साली हरमन या बड्या उद्योगाने विकत घेतली. तिला दमदार संगणक लागतो. आम्ही वळलो लिरियन म्युझिक सर्व्हरकडे, आणि वळण्यामागे त्याच्या चरित्राचाही हात आहे. २००१च्या सुमारास स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने आपल्या यंत्रांसाठी ही मुक्त आज्ञावली लिहिली. २००६ साली ती कंपनी लॉजिटेकने घेतली, २०१२ साली स्क्वीझबॉक्स ही यंत्रे बंद केली, २०२४ साली महाजालावरची सेवाही थांबवली. तोवर वापरणाऱ्यांनीच ती आज्ञावली उचलून धरली होती. त्यांनी तिला नवे नाव दिले आणि आजही ते तिची डागडुजी करतात. वर्गणी, जाहिरात, संपादकीय कार्यालय यांतले काहीही नसताना चालू राहिलेल्या लघुनियतकालिकांची आठवण यावी, असा हा प्रकार आहे.

आणि याच टप्प्यावर आम्ही अडकलो, ते आजतागायत पुरते सुटलेलो नाही. संचिका गोळा झाल्या. त्यांना नावे काय द्यायची?

या प्रश्नाचे मूळ फार जुने आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहर जानची ध्वनिमुद्रणे केली. गाणे संपताना ती इंग्रजीत आपले नाव उच्चारते. त्याची पुढे गंमत झाली, पण हेतू व्यवहाराचा होता: तबकड्या जर्मनीत हानोव्हरला घडवल्या जात आणि तिथल्या कारागिरांना कोणते गाणे कुणाचे हे कळायला हवे होते. म्हणजे गाण्याची नोंद गाण्याच्या पोटातच होती. पुढे ती चिठ्ठीवर आली, मग वेष्टनावर, मग वेष्टनामागच्या लांबलचक टिपणात. त्यात तबल्यावर कोण, हार्मोनिअमवर कोण, बंदिश कुणाची, हे सारे असे. आजच्या सेवांवर त्या टिपणाचा मागमूस उरलेला नाही. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थांतल्या संग्राहकांनी तबकड्यांच्या चिठ्ठ्या जुळवून याद्या केल्या, म्हणून निदान जुन्या काळाचा हिशेब लागतो.

सेवांची खाती पाश्चात्त्य चित्रपट आणि पॉप यांच्या मापाने शिवलेली आहेत: कलाकार, अल्बम, गाणे. आमच्या ख्यालाला त्यात राग कुठे बसवायचा? ताल? घराणे? विलंबित आणि द्रुत या एकाच मांडणीच्या दोन पायऱ्या. त्या दोन स्वतंत्र ‘गाणी’ ठरतात, आणि आज्ञावली बेसावध असेल तर त्यांच्या मध्ये शांततेची फट पाडते. ‘पंडित’ लावलेले भीमसेन जोशी एक आणि न लावलेले दुसरे. भावगीतांत कवी तर सरळ हद्दपार. मराठी भावगीताची निम्मी प्रतिष्ठा ज्यांच्या शब्दांवर उभी आहे त्या गदिमा, आरती प्रभू, ग्रेस, सुरेश भट यांची नावे पडद्यावर शोधावी लागतात, आणि अभंगाखाली संतांचे नाव आलेच तर ते बहुधा ‘संगीतकार’ या खात्यात येते. गीतरामायणाचे उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले ते निरनिराळ्या गायक-गायिकांच्या आवाजात. आज सर्वत्र मिळते ते सुधीर फडक्यांनी पुढे एकट्याच्या आवाजात मुद्रित केलेले. हे दोन पाठ आहेत, आणि विद्यार्थ्याला पहिला अस्तित्वात होता याचा पत्ताही यादीवरून लागू नये, हे बरे नव्हे.

फ्लॅकमध्ये याची सोय आहे. त्याच्या पोटात हवी तितकी खाती काढता येतात. खात्याचे नाव रोमी लिपीतच लागते, आत मात्र देवनागरी खुशाल भरावी. आम्ही कवी, राग, ताल, साथ, मुद्रणवर्ष, प्रतीचा स्रोत अशी खाती काढली आणि संध्याकाळी तास-दीड तास बसून भरू लागलो. तिथेही मराठीने आपला इंगा दाखवलाच: ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिले जाऊ शकते, दिसायला अगदी एकसारखे, आणि यंत्राच्या दृष्टीने भिन्न. त्यामुळे यादीत एकच नाव दोनदा उभे राहते. व्याकरणकारांनी न सोडवलेला असा पेच संगणकाने उभा केला म्हणून आम्हाला किंचित आनंदही झाला.

हे सारे करण्यामागे एक कॅसेट आहे. आमच्या आत्याने जात्यावर म्हटलेल्या ओव्या १९८६ साली घरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेल्या. दळण संपेपर्यंत टेप चालू ठेवला होता. दहा कोटी ध्वनिमुद्रणांच्या त्या महासागरात ही नाही, आणि असणारही नाही. वादळात ट्रंकेत होती म्हणून वाचली. टेपरेकॉर्डरचे डोके स्पिरिटने पुसून, त्याचा कोन आवाज सर्वांत उघडा लागेपर्यंत बारीक पेचकसाने फिरवून, आम्ही तिची एक बाजू उतरवली. ज्या २४ बिटांची वर थट्टा केली ते इथे कामाला आले: टेपवरचा आवाज कधी किती चढेल याचा नेम नसतो, आणि मुद्रण करताना खाली-वर भरपूर जागा लागते.

मग आम्ही खरखर काढून टाकणारी आज्ञावली तिच्यावर चालवून पाहिली. ही आज्ञावली सतत चालू असलेला, स्वर नसलेला आवाज हुडकते आणि तो वजा करते. तिने टेपची खरखर काढली आणि तिच्याबरोबर जातेही काढले. उरला तो आत्याचा आवाज, स्वच्छ, एकटा, एखाद्या स्टुडिओत बसल्यासारखा. आणि ओवीचा चौथा, आखूड चरण जिथे जात्याच्या फेऱ्यावर टेकतो तिथे आता काहीच नव्हते. छंदःशास्त्राच्या वर्गात ओवीची लय फळ्यावर मांडून शिकवली जाते. ती दगडाच्या वजनातून कशी येते, हे तो दगड गेल्यावर आम्हाला ऐकू आले. आज चकतीवर दोन प्रती आहेत. एक मूळ, खरखरीसकट, तिला कुणी हात लावायचा नाही. दुसरीत फक्त विजेची गुणगुण कमी केलेली आहे. तिसरी, स्वच्छ प्रत आम्ही पुसून टाकली.

गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७पासून पारी या संकेतस्थळावर त्या क्रमाक्रमाने वाचायला, ऐकायला मिळतात. तिथे ओवीपाशी गाणारीचे नाव आणि गाव असते. तोच नमुना समोर ठेवून आम्ही खाती भरायला घेतली. गायिका: आत्याचे नाव. गाव: मुरुड. वाद्य या खात्यात बऱ्याच विचारांती ‘जाते’ असे लिहिले. मुद्रणवर्ष १९८६.

‘कवी’ या खात्यापाशी थांबलो. दोन चुलतबहिणींना संचिका पाठवली होती. थोरलीचे म्हणणे, या ओव्या आजीच्या, आजीच्या आईच्या, सगळ्या गावाच्या. नाव लिहिणे म्हणजे चोरी. धाकटीचे म्हणणे, मचव्याच्या आणि खाडीपलीकडच्या माहेराच्या सहा-सात ओव्या आत्याने स्वतः रचलेल्या आहेत, तिने त्या रचताना आपण शेजारी बसलो होतो, आणि ‘पारंपरिक’ असे लिहिले तर आपण पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही. कॅसेटची दुसरी बाजू अजून उतरवायची आहे. या दिवसांत हवेतल्या दमटपणाने फीत चिकटते. गौरी-गणपतीला दोघी येतील तेव्हा ऊन पडले असेल तर त्यांच्यासमोरच उतरवू. तोवर ते खाते रिकामे आहे.